सामुद्रधुनी सरांचा तिसरा शेजारी

सामुद्रधुनी सर वर्गात कधी पुरते शिरत नसत. एक पाय उंबरठ्याच्या आत, दुसरा व्हरांड्यात आणि पाठ चौकटीला टेकलेली, अशा अवस्थेत त्यांनी आम्हाला आंतरराष्ट्रीय संबंध शिकवले. युरोप आणि आशिया यांच्यामध्ये, काळ्या समुद्रातून बाहेर पडण्याच्या वाटेवर बसलेल्या तुर्कस्तानावर त्यांचा विशेष जीव होता. त्या वाटेतल्या चिंचोळ्या पाण्यासाठीचा 'सामुद्रधुनी' हा शब्द त्यांच्या तोंडी इतका येई, की मुलांनी तेच नाव त्यांना देऊन टाकले. त्यांना ते ठाऊक होते. "वाईट न्हाय नाव," ते म्हणत, "समद्यांची जहाजं हितूनच जातात."

महासत्तांविषयी ते फारसे बोलत नसत; ते पेपरात येतेच, असे त्यांचे मत होते. वर्षाच्या आरंभी ते प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक मधला देश देत आणि वर्षभर त्याचा परराष्ट्रमंत्री म्हणून बोलायला लावत. अणदूरच्या एका दांडगट मुलाला इजिप्त मिळाला. जळकोटच्या किराणा दुकानदाराच्या मुलीला कझाकस्तान. हजेरीलाही धड आवाज न फुटणाऱ्या मला त्यांनी मंगोलिया दिला. मुले हसली आणि मी खाली मान घातली. तास संपल्यावर सरांनी मला दारापाशी थांबवले.

"रशिया आन् चीन, दोनच शेजारी, दोन्ही मोठे. तिथं आवाज चढवून भागत न्हाय. लांबचा कुणी तिसरा शेजारी धरावा लागतो. तुम्हाला जमंल."

मला काही जमेल असे तोवर कोणी म्हटले नव्हते. मी ते वर्षभर मनापासून वाचले. सरांनी मात्र पुढे आयुष्यभर मला 'मंगोलिया' याच नावाने हाक मारली. तुळजापूरच्या बसस्थानकावर, भर गर्दीत, आणि माझ्या लग्नाच्या मांडवातही. माझ्या यजमानांचा हात हातात घेऊन ते गंभीरपणे म्हणाले होते, "मंगोलियाला सांभाळा. कमी बोलतात, पण ध्यानात समदं ठेवतात."

पुढे त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले, तेव्हा सरांची दुसरी नोकरी मला दिसली. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव चुलत भाऊ होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. सर सकाळी अध्यक्षांच्या खताच्या दुकानात कन्नडमधून गप्पा मारत चहा घेत आणि संध्याकाळी सचिवांच्या पेट्रोल पंपावर मराठीतून. दोन्हीकडचा चहा पाकासारखा गोड आणि सरांना मधुमेह. बिनसाखरेचा मागितला तर त्या घरचे काही खुपले असा अर्थ निघेल, म्हणून ते मुकाट पीत. दोघांनाही सर आपलेच वाटत आणि दोघेही त्यांच्यावर पुरता विश्वास ठेवत नसत. वर्षे गेली तसे सर चौकटीला टेकत ते शिकवण्याच्या ऐटीने नव्हे, तर थकव्याने, हे मला कळू लागले.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी राज्यशास्त्रच बंद करण्याची भाषा सुरू झाली. मुले कमी, सरांची जागा भरली जाण्याची आशा नाही. विषय राहिला तर माझे तास राहणार होते. त्यासाठी दोन्ही भावांची संमती हवी होती. सरांनी वर्षभर दोन्हीकडचा चहा पिऊन दोघांना होकाराच्या जवळ आणले.

आणि तेवढ्यात दोघांनी सरांचे निरोप समारंभ ठरवले, वेगवेगळे, पण एकाच दिवशी, एकाच वेळी. एक सभागृहात, दुसरा गावातल्या मंगल कार्यालयात. वेळ बदलण्याची विनंती सरांनी दोघांना केली. दोघांचेही उत्तर एकच आले, की त्याला बदलायला सांगा. एकीकडे गेले असते तर दुसरीकडचा होकार गेलाच होता.

त्या दिवशी सर नेहमीप्रमाणे वर्गावर आले. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. दोन ठिकाणी फेटे आणि शाली वाट पाहत असताना सर चौकटीला टेकून कझाकस्तान शिकवत होते. खिशातला फोन थरथरत राहिला. त्यांनी तो काढला नाही.

दुपारी दोन्ही भावांच्या गाड्या महाविद्यालयाच्या फाटकाशी समोरासमोर आल्या आणि कित्येक वर्षांनी ते एकमेकांशी बोलले. "माझा अपमान केला मास्तरनं," अध्यक्ष म्हणाले. सचिव म्हणाले, "माझाबी केला की. त्याच्यावाचून काय विषय अडतोय व्हय? चालवूनच दावू." त्याच आठवड्यात एकमताने ठरले, की विषय चालू राहील आणि सरांना पुन्हा कोणत्याही कार्यक्रमाला बोलावले जाणार नाही.

हे सांगायला मी त्यांच्या घरी गेले. तुम्हाला कोणाचाच अपमान करायचा नव्हता हे मी दोघांना समजावून सांगते, असे मी कसेबसे म्हणाले.

"नका," सर म्हणाले. "मंगोलिया, दोघांना एक व्हायला कुणी तिसरा लागतो. ह्या टायमाला मी घावलो. ऱ्हाऊ द्या तसंच." मग पाठ भिंतीला टेकवून म्हणाले, "लई दमलो बघा."

काकूंनी चहा आणला. बिनसाखरेचा होता. सरांनी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

गेल्या वर्षी सर गेले. विषय अजून चालू आहे. वर्षारंभी मीही मुलांना देश वाटते: तुर्कस्तान, इजिप्त, कझाकस्तान. बोलताना नकळत पाठ चौकटीला टेकते. मंगोलिया मात्र मी अजून कोणाला दिलेला नाही. त्या नावाने आता मला कोणी हाक मारत नाही. पण तास संपवून व्हरांड्यात आले, की पाऊल क्षणभर थांबते.