खोडलेले ‘शे’

मी नाशकात, घरीच बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो. गेल्या वर्षी एक निवृत्त नर्सबाई आपल्या दिवंगत आईवर लिहिलेलं छोटं पुस्तक घेऊन आल्या. गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही म्हणतो. माहेर सटाण्याकडचं. आईच्या शेवटच्या महिन्यांत उशाशी बसून, आई बोलेल तसं त्यांनी फोनवर टाईप केलं होतं. “भाऊ, शुद्धलेखन तेवढं बघा,” त्या म्हणाल्या.

फाईल मीच केबलने उतरवून घेतली आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं ‘ट्रॅक चेंजेस’ चालू करून कामाला लागलो. आईच्या तोंडी पानोपानी तिकडच्या बोलीतलं ‘शे’ होतं. मी शोधा-बदला उघडलं आणि एका फटक्यात सगळीकडे ‘शे’चं ‘आहे’ केलं. शेजारीचं ‘आहेजारी’ झालं, तीनशेचं ‘तीनआहे’. खाली लाल रेघ दिसली तिथे हाताने नीट केलं, आईची उरलेली बोलीही ‘शुद्ध’ केली, सगळे बदल स्वीकारले आणि त्याच नावाने फाईल सेव्ह केली.

मी वाचायला दिलेली छापील प्रत घेऊन सिस्टर आल्या त्या हसतच. “भाऊ, ‘नदीकाठी आमचं आहेत होतं’ म्हणजे काय हो?”

शेत! ‘आहेत’ हा शब्द बरोबरच, म्हणून लाल रेघ आलीच नव्हती. मीही हसलो. मग त्यांनी पान उलटलं.

“आणि ही कोण बाई बोलतेय? ‘माझी मुलगी आहे ती.’ माझी माय अशी कधी बोलली नाही. मूळ आहे ना तुमच्याकडे? माझा तो फोन तर बंदच पडला.”

“आहे ना,” मी म्हणालो. “दोन दिवसांत देतो.”

हे खोटं होतं. आणखी एक सांगून टाकतो: ‘शे’ ही चूक नव्हे, हे मला पहिल्या पानापासून ठाऊक होतं. माझी आई तशीच बोलते. शाळेत असताना मित्र घरी आले की मी तिला “तू आत बस” म्हणायचो.

एकच आशा होती. बदल स्वीकारण्याआधीची एक प्रत मी छापखान्याला पानांचा अंदाज देण्यासाठी पेनड्राईव्हवर घेतली होती. ती उघडेना. फाईल खराब झाली आहे, एवढंच उत्तर. मग समजलं की असल्या फाईलच्या पोटात शिरून नोंदलेले बदल तेवढे वेचून काढणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात. पहिल्याने कोरी यादी दिली. दुसऱ्याला मी फाईल दिली आणि पडद्याला नाक लावून बसलो.

आणि ओळी यायला लागल्या! काय खोडलं, त्या जागी काय घातलं, कोणी, केव्हा; शेजारी अख्खं वाक्य. ‘मनी पोर शे ती.’ ‘घरमा कोनी नही शे.’ मी मोठ्याने वाचत सुटलो. सिस्टरची आई माझ्या खोलीत बोलत होती!

“लॉटरी लागली का?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

“त्याहून मोठं! शे सापडला!”

“कोण सापडला?”

उत्तर द्यायला वेळ नव्हता. यादी खाली सरकत होती, आणि ‘कोणी’च्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे माझंच नाव होतं. आनंदाने आवाज चढत होता आणि मान खाली जात होती. दोन्ही एकाच वेळी.

ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या मी राहू दिल्या. आईचा एकेक शब्द हाताने परत बसवला. शेतही नदीकाठी परत गेलं. दुसऱ्या दिवशी नवी प्रत आणि ती यादी, माझ्या नावासकट, सिस्टरच्या हातात दिली आणि खरं काय ते सांगितलं.

त्या बराच वेळ वाचत राहिल्या. एका ठिकाणी ओठ हलले. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “एवढे सगळे तुम्ही खोडले?”

“हो.”

“आणि सगळे बरोबर बसवले. एक चुकला नाही. बोली येते वाटतं?”

इतक्या वर्षांत परक्या माणसापुढे मी ती कधी बोललो नव्हतो.

“मनी माय बी तिकडनीच शे,” मी म्हणालो.

“मग तिला वाचून दाखवा हे,” सिस्टर म्हणाल्या, आणि प्रत माझ्याकडे सरकवली.