आत्याचा बोर्ड आणि आकाशातली धूळ

मुलांनो, तुमची आत्या मार्चमध्ये पुण्याहून आठवडाभर आली आणि आल्या आल्या माझं जेवणाचं टेबल तिने लॅपटॉपने अडवलं. पडद्यावर आकाशाचा नकाशा होता, सगळा निळ्या-तांबड्या ठिपक्यांचा. विश्वातला सर्वांत जुना प्रकाश आता सूक्ष्मलहरी होऊन चहूकडून येतो. त्यात कुठे किंचित ऊब जास्त, कुठे कमी, तेच हे ठिपके.

"अगदी सुरुवातीला, क्षणाच्याही लहानशा अंशात विश्व अफाट फुगलं असं आम्ही मानतो," ती एका रात्री जेवताना म्हणाली. "तेव्हाची बारीक थरथर ताणली गेली, तिचेच हे ठिपके. साध्या हिशेबाने उष्ण आणि थंड यांचा तोल सारखा हवा. मला तो उष्ण बाजूला कललेला दिसतोय. खरा असेल, तर त्या फुगण्याबद्दल काहीतरी नवीन हाती लागेल."

तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, पानावर होते. "म्हंजे भाकरीवरचे डाग मोजतीस व्हय?"

"तसंच समजा, काका."

त्यांनी "खरा असेल, तर" एवढंच नेमकं ऐकलं नाही. आपल्या कोल्हापुरात नातू पहिलीत गेला तरी चौकात अभिनंदनाचा डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्स, लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते भली मोठी गुंडाळी घेऊन आले आणि सोप्यात उलगडली. 'विश्वाच्या जन्माचा पुरावा शोधल्याबद्दल आमच्या पुतणीचे हार्दिक अभिनंदन!' कोपऱ्यात तिचा फोटो, आणि त्याच्या दुप्पट आकाराचे शुभेच्छुक, म्हणजे आजोबा स्वतः, गॉगल लावून.

आत्याचा चेहरा उतरला. "काका, अजून तपासलंच नाही! पुढच्या महिन्यात परिषदेत बोलायचंय मला. हे फोनवरून तिथं पोचलं आणि शोध खोटा निघाला, तर माझ्या कामावर कोण विश्वास ठेवील?"

"उद्या सकाळी लावणार हाय. पोरांनी दोर बी आणल्यात की!"

"भावोजी, आज संध्याकाळी हिच्या सहकाऱ्याच्या तपासणीचा निकाल येणार आहे. तोवर थांबा," मी म्हटलं. ते थांबले, पण गुंडाळी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दिवेलागणीला निकाल आला. आत्याने तो दोनदा वाचला आणि मग खुर्चीत मागे रेलून हसायला लागली.

"गेला, आई! कल गेला. आपल्याच आकाशगंगेतली धूळ होती. तिची चमक नीट वजा केली, तर ठिपके अगदी समतोल."

मला वाईट वाटलं. "मग तुझी मेहनत?"

"अगं, परिषदेत सगळ्यांदेखत कुणी ही धूळ दाखवली असती म्हणजे? आणि तोल सारखा असणं हीसुद्धा त्या फुगण्याचीच खूण आहे. साधी कल्पना टिकली, एवढंच."

आल्यापासून पानात चिवडत बसणाऱ्या माझ्या लेकीने त्या रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर तांबडा रस्सा मागून घेतला. मीही कित्येक दिवसांनी निवांत जेवले.

"मग ह्या बोर्डचं काय करायचं?" दिरांनी विचारलं.

"उलटा करून वैरणीवर टाका, काका."

तो अजून मागच्या अंगणात वैरणीवर आहे, अक्षरं आत करून. वैरण काढताना धाकटे आजोबा त्याचं टोक उचलून आत डोकावतात. "वहिनी, मजकूर तेवढा बदलाय पायजे," परवा म्हणत होते, "फोटो झकास आलाय."