वर कुठला देव?

न्युरेम्बर्गच्या घराचं केलर, म्हणजे तळघर, आवरताना सासूबाईंचे जुने बूट झटकले आणि चिमूटभर तांबडी वाळू माझ्या तळहातावर पडली. तिला अजून उन्हाचा वास होता.

अमेरिकेच्या सहलीत पाहिलेली वाळवंटातली ती दरी. बसमधून उतरलो आणि समोर वालुकाश्माचा डोंगर सरळ आभाळात गेलेला. पायथ्याशी लालभडक, माथ्याला दुधासारखा पांढरा. मान दुखेपर्यंत वर पाहिलं तरी संपेना. नाशिककडच्या सासूबाईंना देवाशिवायचा डोंगर ठाऊकच नव्हता. त्यांनी हळूच विचारलं, "वर कुठला देव गं?"

"अहो आई, कुठलाच नाही. नुसता डोंगर आहे."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्यावर बसायची देवाचीसुद्धा छाती झाली नसेल." आणि बूट काढून, तापल्या वाळूत अनवाणी उभ्या राहून त्यांनी हात जोडले. तेव्हा मला हसू आलं होतं.

"ममा, वास इस्ट दास?" माझ्या हाताकडे बघत लेकीनं जर्मनमध्ये विचारलं. हे काय आहे ते सांगायला तोंड उघडलं, तर माझे पाय आधीच चपलांतून निघून केलरच्या गार फरशीवर टेकले होते.