आत आलेले एकशे बारा

लहानपणी आमच्या घरचा फोन मी उचलला, की पलीकडून एखादा भारदस्त आवाज विचारायचा, "ढापण्या आहे का?" सहा-सात वर्षांची असताना मी एकदा ठणकावून सांगितलं होतं, की इथे ढापण्या कोणी राहत नाही, इथे माझे बाबा राहतात. पलीकडचा माणूस सैन्यात मेजर होता म्हणे, आणि तो पोट धरधरून हसला. बाबाही हसले. मला मात्र राग आला, आणि खरं सांगायचं तर तो पुढची पस्तीस वर्षं उतरलाच नाही.

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. आता ते मी चालवते, पण गिऱ्हाईक अजून त्यांनाच विचारत येतं. तरुणपणी बाबा लष्करी अकादमीत होते. तिथलं शिक्षण तीन वर्षांचं. शेवटच्या सहा महिन्यांत त्यांना लांबचं दिसेनासं झालं. त्यांनी गुपचूप एक चष्मा करून आणला आणि तो मोज्यात लपवून वापरला. चष्मा सापडला नाही, पण शेवटच्या वैद्यकीय तपासणीत डोळे सापडले. पासिंग आउट परेडला सतरा दिवस उरले असताना बाबांना ट्रंकेसकट घरी पाठवलं. अधिकाऱ्याचा गणवेश शिवून आला होता, तो त्यांनी खोलीचं दार लावून एकदाच अंगावर घातला होता. घरी आल्यावर त्यांच्या मामाने त्यांना आपल्या चष्म्याच्या दुकानात बसवलं. ज्या डोळ्यांनी दगा दिला त्याच डोळ्यांवर पोट भरतोय, असं बाबा गिऱ्हाइकांना हसत सांगतात. हा विनोद मी इतक्या वेळा ऐकलाय, की काच घासता घासता माझेही ओठ हलतात.

अकादमीत एका वेळी दाखल झालेल्या मुलांना कोर्स म्हणतात. बाबांचा कोर्स एकशे बारा जणांचा. पहिल्या दिवशी ट्रकमधून उतरून ज्या क्रमाने ते फाटकातून आत शिरले, त्या क्रमाने त्यांना नंबर मिळाले, पलंगही त्याच क्रमाने. परेड करून बाहेर पडले ते एकशे तीन, आणि सरकारी कागदावर त्यांचा क्रम मार्कांनी लागला. बाबांच्या वहीत मात्र आजही फाटकाचा क्रम आहे, आणि एकशे बारा माणसं आहेत.

या वहीपायी आमच्या घरात रविवार कधी उगवला नाही. सकाळी नऊला बाबा वही घेऊन फोनपाशी बसत. एका रविवारी आठ माणसं, चौदा रविवारांत एक फेरी, की पुन्हा एकपासून. बदल्या होत राहायच्या, म्हणून पत्ते पेन्सिलीने लिहिलेले, आणि खोडून खोडून काही पानं पार विरलेली. कोणाला नातू झाला, कोणाचं बायपास झालं, कोणाशी कोणाचं बिनसलं, सगळं यांना ठाऊक. आईने फार पूर्वीच जाहीर करून टाकलं होतं, की आठवड्यातले सहा दिवस हा माणूस माझा आणि रविवारी सरकारजमा.

मला मात्र हे सगळं हमालीचं काम वाटायचं. ती मंडळी कर्नल झाली, जनरल झाली, निवृत्त होऊन बंगल्यांत राहायला गेली. त्यांना कोणाचा पत्ता हवा असला, की ढापण्याला फोन. यांना कोण बोलावतंय? एकदा मी तोंडावरच म्हणाले, "कोणी तुम्हाला 'तू आमच्यातला नाहीस' म्हणू नये, म्हणून तुम्ही हे सगळं करता."

बाबांनी हातातल्या काचेवर फुंकर मारली. "हो," ते म्हणाले. "मग?"

मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते. पण समोरच्याने असं सरळ कबूल केल्यावर मी काउंटरवरच्या काचा पुसायला घेतल्या.

कोर्सला पन्नास वर्षं होणार होती, त्या वर्षीची ही गोष्ट. अकादमीच्या मैदानाजवळ कोर्सची पितळी पाटी लावायची, तिच्यावर सगळ्यांची नावं कोरायची आणि मोठा सोहळा करायचा, असं ठरलं. कमिटीचा अध्यक्ष निवृत्त मेजर जनरल. कोर्समध्ये त्याचं नाव जिराफ, म्हणून मी त्याला जिराफकाका म्हणते. कोण जिवंत, कोण कुठे, हे बाबांखेरीज कोणालाच नीट माहीत नव्हतं. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता, पण त्यात पन्नास-साठच जण. कोणी गेला, की तिथे हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागायची आणि आठवड्याभरात त्याचा नंबर ग्रुपमधून काढून टाकायचे.

म्हणून जिराफकाका स्वतः दुकानात आले. दारातून वाकून आत शिरले, बाबांना मिठी मारली आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, की चष्मा सारखा नाकावरून घसरतोय. बाबांनी तो त्यांच्या नाकावरून काढून घेतला आणि बारीक पेचकस शोधायला लागले.

"यादी दे," जिराफकाका म्हणाले. "एकशे तीन. तुझं नाव आम्ही विशेष निमंत्रित म्हणून वेगळं घेतोय. कमिटीत कोणाची हरकत नाही."

"आणि बाकीचे आठ?"

"ते पास झाले नाहीत. नियम आहे, मी काय करू?"

हे आठ कोण, ते मला लहानपणापासून पाठ आहे. एकाचा घोड्यावरून पडून मणका गेला. काही जण गणितात गचकले. एकाचे वडील वारले आणि मागची पाच भावंडं सांभाळायला त्याला घरी जावं लागलं. आणि एक पळपुट्या. तो अकराव्या दिवशी पहाटे भिंतीवरून उडी मारून पळाला होता. आता त्याची बेकरी आहे. बाबा त्याला फोन करायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं तो आवाज ऐकून फोन ठेवून द्यायचा. तिसऱ्या वर्षी त्याने विचारलं, "तिकडे थंडी पडली का?" बाबा त्या दिवशी जेवताना दोनदा ते वाक्य बोलून दाखवत होते.

बाबांनी दांडीचा स्क्रू घट्ट केला. "पाटीवर कोर्सची नावं म्हणून लिहिणार ना? मग कोर्स म्हणजे कोण, ते आधी ठरव. तुझी यादी बाहेर पडलेल्यांची आहे. माझी आत आलेल्यांची आहे."

"पळपुट्याचंही नाव लिहू? भिंतीवरून पळाला त्याचं?"

"भिंतीवरून पळायला आधी दारातून आत यावं लागतं."

मला हसू आलं. जिराफकाकांना नाही आलं. ते उठून उभे राहिले, आणि उभे राहिले की दुकान लहान वाटायला लागतं. त्या पाटीवर लढाईत गेलेल्यांची नावं असणार आहेत, त्यांच्या शेजारी तू बेकरीवाला बसवणार का, असं त्यांनी विचारलं. हा वार खरा होता. बाबांनी चष्म्याची दुसरी दांडीही तपासली. मग चष्मा पुसून त्यांच्या हातात देत म्हणाले, "जे गेले त्यांच्या घरी मी फोन करतो. तू शेवटचा कधी केला होतास?"

जिराफकाका चष्मा घालून वाकून बाहेर पडले. यादी मिळाली नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी पळपुट्याला ही हकीगत सांगितली. तो घाबरून म्हणाला, माझं नाव अजिबात नको, लोक काय म्हणतील. "पळालास तेव्हा मला विचारलं होतंस का?" बाबा म्हणाले. "मग आता मीही विचारणार नाही." पलीकडे तो हसला बहुतेक, कारण बाबाही हसले.

कमिटीने बाबांचा नाद सोडला. अकादमीच्या जुन्या कागदांतून नावं-पत्ते काढले आणि एकशे तीन निमंत्रणं धाडून दिली. साधारण महिन्याभराने सकाळी दुकान उघडलं आणि तबलाकाकूंचा फोन आला. त्यांचा नवरा बाबांच्या कोर्सचा. दिसेल त्या टेबलावर ठेका धरायचा, म्हणून तबला. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. काकू शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि आवाज न चढवता बोलायची त्यांना सवय आहे.

"तुमच्या मित्रांनी आमच्या ह्यांना बोलावलंय," त्या म्हणाल्या. "सपत्नीक या, शक्यतो गणवेशात या, असं लिहिलंय. मी त्यांना कुठून आणू, तेवढं सांगा."

डोळे तपासायच्या खुर्चीत बाबा मटकन बसले. फोन झाल्यावर मी काही त्यांना सोडलं नाही. यादी दिली असतीत तर हे झालं नसतं, मी म्हणाले. तुमची तत्त्वं तुमच्यापाशी आणि मनस्ताप या बायकांना.

"नसतं झालं," बाबा म्हणाले. एवढंच. स्वतःची बाजू मांडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

वहीत अशी चौतीस घरं होती. बाबा मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी स्टुलावर बसले आणि एकेका घरी फोन लावायला लागले. एक पत्र येईल, नाव तुमच्या माणसाचं असेल, उघडू नका, चूक झाली आहे आणि ती माझ्यामुळे झाली आहे. हेच वाक्य, सकाळपासून. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा यायला लागली, तरी नंबर दाबतच होते. शेवटी मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. उरलेल्या तेरा घरी मीच बोलले.

मला वाटलं होतं, बोलणी खावी लागतील. दोघींकडे पत्र आधीच पोचलं होतं, त्यातली एक रडली. पण त्या सगळ्यांनी आधी विचारलं ते हे, की बाबांना काय झालं, फोन तू का केलास. एक म्हणाल्या, "हे गेले तसा तो व्हॉट्सॲपचा ग्रुप गेला, पार्ट्या गेल्या, सगळं गेलं. तुझ्या बाबांचा फोन येतो, म्हणून मी अजून कोर्समध्ये आहे." दुसऱ्या एकीने चौदा रविवारांचा हिशोब कॅलेंडरवर खुणा करून ठेवला होता. मी तेरावा फोन ठेवला तेव्हा माझा पस्तीस वर्षांचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. म्हणजे गेला नव्हता. त्याने फक्त तोंड फिरवलं होतं, आणि आता तो जिराफकाकांकडे बघत होता.

पण माझ्याआधी तिथे तबलाकाकू पोचल्या. पाटीचं भांडण त्यांना बाबांकडून कळलं होतं, पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्यांनी जिराफकाकांना फोन करून विचारलं, "जे येऊ शकत नाहीत त्यांना तुम्ही आमंत्रण पाठवता, आणि जे येऊ शकतात त्यांना दारात उभं करत नाही. ही कसली पद्धत?" मग म्हणाल्या, की बाबा धरून त्या नऊ जणांची नावं नसतील तर आमच्या ह्यांचंही नाव पाटीवरून काढा, तसं मी लेखी देते. आणि दिलं. त्यांचं बघून आणखी अकरा जणींनी दिलं. त्यांतल्या दोघींचे नवरे लढाईत गेले होते. ती नावं गाळून पाटी लावायची कोणाची छाती नव्हती.

सोहळ्याला पाच आठवडे उरले असताना, एका रविवारी बाबा सकाळचे फोन करत होते आणि मध्येच जिराफकाकांचा आला. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. आई आणि मी तिथेच बसलो होतो. उठून जायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

"पाटी कोरून झालीय," जिराफकाका म्हणाले.

"मग दुसरी कोरा."

पलीकडे खुर्ची सरकली. मग आवाज आला, जरा खाली आलेला. "बरं. नऊ नावं सांग. तळाशी जागा आहे. एक रेघ मारतो आणि तिच्याखाली घालतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं झालं, जिंकले, आता हे हो म्हणतील. मी बाबांच्या जागी असते तर म्हटलं असतं.

"रेघ नाही," बाबा म्हणाले. "तळाशी नाही. ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या नंबरावर."

"अरे, म्हणजे सगळा क्रम बदलायचा? मार्कांचा क्रम आहे तो. पहिला आलेला पहिला."

"फाटकातून पहिला कोण आला ते तुला आठवतंय?"

"नाही."

"मला आठवतंय."

 जिराफकाकांकडे कुठेतरी खण उघडल्याचा आवाज झाला, मग कागद सारखा केल्याचा. "सांग," ते म्हणाले. "जरा हळू सांग. मी लिहून घेतो."

बाबा उठून उभे राहिले. गुडघे कुरकुरले, ते स्पीकरवरून पलीकडेही ऐकू गेलं असेल. वही टेबलावर मिटलेलीच होती. त्यांनी एकपासून सुरुवात केली. नंबर, मग नाव. मेलेले, जिवंत, जनरल, बेकरीवाला, एकाच सुरात. पळपुट्याच्या नावाला ते थांबले नाहीत आणि जिराफकाकांनीही काही विचारलं नाही. 

"सदतीस," बाबा म्हणाले, "तू."

"लिहिलं."

"अडतीस, मी."

पलीकडे पेन थांबल्यासारखं वाटलं. बाबांनी वाट पाहिली नाही. ते एकोणचाळीसवर गेले.