मावशींचं ‘कधीच नाई’

देवळीच्या आमच्या घरमालकीण मावशींना हसू आलं की आधी पदर तोंडावर जायचा, मग हसू बाहेर पडायचं. जिभेला मात्र पदर नव्हता. दातांच्या कॉलेजातून सर्वेक्षणासाठी तीन महिने मी त्यांच्याकडे राहिले. पहिल्याच दिवशी माझ्या काटकुळ्या अंगाकडे बघून त्या म्हणाल्या, “लोकाइचे दात पाहाले आली, अन् सोताच्या दाताले काही कामच नाई वाटते!”

मावशींना जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. मुलगा, सून, मी, सगळ्यांची जेवणं आटोपली की त्या स्वयंपाकघराचं दार लोटून एकट्या बसायच्या. लग्नाला गेल्या तर पदर खोचून पंगतीत वाढत राहायच्या. “वाढणाऱ्याचं पोट वासानंच भरते,” म्हणायच्या. घरच्यांना हा त्यांचा मोठेपणा वाटे. दातांचं शिकलेल्या मलाही तोच वाटला!

तोंडाच्या दुखण्यानं जगणं किती अडतं, ते मोजायचा आमचा फॉर्म होता. ज्याचे गुण जास्त, त्याला फुकट कवळी. मावशींनाही विचारलं. खाताना त्रास होतो का? “कधीच नाई.” चारचौघांत लाज वाटते का? “कधीच नाई.” शेजारी सून तूर निवडत होती. तोंड उघडायला सांगितलं तर म्हणाल्या, “मावशीचं तोंड पाहून काय करतं? चहा घे.” मी चहा घेतला आणि फॉर्मवर शून्य मांडलं.

निघायच्या आदल्या दुपारी किल्ली मागायला मी स्वयंपाकघराचं दार ढकललं. मावशी वरणात कुस्करलेली भाकर बोटानं टाळूवर दाबत होत्या. तोंडात मिळून चार दात. मला पाहून त्या भिंतीकडे वळल्या. घास गिळता येईना, थुंकता येईना.

“मग कधीच नाही का म्हणालात?” मला रागच आला होता, बराचसा स्वतःचा.

“तुनं इचारलं, लोकाइसमोर लाज वाटते का. मी लोकाइसमोर जेवतच नाई, त लाज वाटन केव्हा?” मग आवाज खाली गेला. “अल्लीपूरची बहीण मले एकाच ताटात घेऊन बसते. चार वर्सं झाले, गेली नाई मी. तिले वाटते, मी रुसली.”

“मुलाला सांगू का?”

“नोको. सून म्हणन, इतके दिवस आमी उपाशी ठेवली का?”

मी कॉलेजातल्या सरांना फोन केला. कवळ्यांची यादी केव्हाच गेली होती. भरलेला फॉर्म आता बदलत नाहीत, ते म्हणाले. हे मावशींना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी मला वर्ध्याची बस धरायची होती. मावशी ताट घेऊन माझ्या खोलीत आल्या, कडी लावली आणि माझ्यासमोर जेवायला बसल्या. घास तोंडात घोळत राहायचा, वरण ओठांतून गळायचं, डोळ्यांत पाणी यायचं. एक बस गेली, दुसरी गेली. मला वर बघवेना आणि उठवेना.

हात धुऊन त्या म्हणाल्या, “पाह्यलं ना? आता खरं लिव. बहिणीकडं जाचं हाय मले.”

मी वहीचं मागचं कोरं पान उघडलं आणि पहिल्यापासून एकेक प्रश्न विचारू लागले. प्रत्येक उत्तर नीट उतरलं की नाही, ते मावशी वाकून बघत होत्या.