सुख मोजायला गेल्तो

सर्व्हेच्या टॅबमध्ये एका उत्तराला एकच गोल असतो. माणूस बोलतो दहा मिनिटं आणि भरायचा तो एक गोल. उरलेल्या बोलण्याचं काय करायचं हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही, त्यामुळे ते आमच्याकडेच साठत जातं. दोन महिने आम्ही जालना जिल्ह्यात "तुम्ही किती सुखी आहात?" असं विचारत दारोदार फिरलो. संध्याकाळी अंबड चौफुलीच्या टपरीवर चहाला टेकलो की एकेकाजवळ दोन-तीन किस्से निघायचेच.

आम्ही म्हणजे मी, खरात सर आणि मगरे सर. शिकवत आमच्यातलं कुणीच नाही. पण डीएड केलेला माणूस नोकरी लागो न लागो, सर होतोच. बाई असली तर मॅडम, जशी मी. मगरे सर आमच्यात थोरले, बेचाळिशीचे. भरतीचं वय कधीच निघून गेलं. त्यांनी आजवर सरकारची गुरं मोजली, संडास मोजले, विहिरी मोजल्या. आता सुख मोजत होते.

सर्व्हे करून घेणाऱ्या एजन्सीचा एक नियम होता. उत्तर फार खालचं किंवा फार वरचं आलं की फॉर्म लाल व्हायचा. मग परत त्या घरी जायचं, तोच प्रश्न विचारायचा, त्याच माणसाच्या आवाजात रेकॉर्डिंग करून पाठवायचं. पहिला टप्पा संपेपर्यंत ज्याचा एक जरी फॉर्म लाल राहील, त्याला दुसऱ्या टप्प्यात घ्यायचं नाही. मगरे सरांचा पहिल्याच आठवड्यात एक लाल झाला. हसनाबादजवळच्या एका म्हातारीने त्यांना शून्य सांगितलं होतं.

*

ट्रेनिंग द्यायला पुण्याहून एक साहेब आले होते. पडद्यावर बर्फाचे फोटो. म्हणाले, "जगातले सगळ्यात सुखी देश हे. थंडी मरणाची, हिवाळ्यात दिवसाही अंधार. तरी लोक सुखी. का? कारण तिथल्या माणसाला खात्री असते, की रस्त्यात पाकीट पडलं तर ते परत येईल."

खरात सरांनी हात वर केला. "सर, पाकीट आनून देनाऱ्याचं काय करतेत तिथं? आमच्याकडं सापडलेलं पाकीट घेऊन ठाण्यात गेलं तर पह्यले आपल्यालाच बसून घेतेत."

साहेब म्हणाले, "चांगला मुद्दा आहे," आणि पुढच्या फोटोवर गेले.

अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवावा, यावर ते तासभर बोलले. बोलले फार छान. फक्त तेवढा वेळ त्यांच्या बॅगेचा पट्टा त्यांनी स्वतःच्या पायात अडकवून ठेवला होता.

*

मुख्य प्रश्न शिडीचा. दहा पायऱ्यांची शिडी आहे असं समजा. सगळ्यात वर सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाला, म्हणजे शून्यावर, सगळ्यात वाईट. तुम्ही कितव्या पायरीवर?

वडीगोद्रीला हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. दुकानदाराने प्रश्न शांतपणे ऐकला आणि मला विचारलं, "बाजूच्या हॉटेलवाल्यानं किती सांगितलं?"

मी म्हटलं, दुसऱ्याचं उत्तर सांगता येत नाही.

"मंग माझं सहा लिव्हा." मी सहावर बोट नेलं. "थांबा. सहा लिव्हलं अन् राशनच्या यादीतून नाव उडालं तर? पाच करा. न्हाई, चार. बिलकुल चारच."

मी त्याला समजावलं, याचा राशनशी काही संबंध नाही. तो हसला. "मॅडम, तुम्ही नवीन दिसून राह्यल्या."

दुपारपर्यंत त्या रांगेतली सगळी दुकानं चारवर होती. कुणी कुणाला फोन केले ते मला कळलं नाही. आमच्या लोकांचा एकमेकांवर विश्वास नाही असं ते पुण्याचे साहेब म्हणाले होते, म्हणून सांगते.

*

घरातल्या कुणाला विचारायचं ते टॅब ठरवतो. राजूरला एका घरी बाईचा नंबर लागला. नियम असा की जिचा नंबर, तिनेच बोलायचं आणि एकटीनं बोलायचं. मी ओट्यावर बसले तर नवरा, सासरा आणि शेजारचे दोघं माझ्याआधी बसलेले. नवरा म्हणाला, "तिला काय कळतंय? मला इचारा."

मी पुन्हा नियम सांगितला. त्याने आत आवाज दिला, "ए, आठ सांग गं." आतून आवाज आला, "आठ."

पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत गेले. ती भाकरी थापत होती. मी हळूच विचारलं, खरं सांगा, तुमच्या जिवाला काय हवं म्हणजे बरं वाटेल? मला वाटलं, मोठं काही तरी सांगेल. तिने दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्हाणीला आतून कडी पायजे. सात वर्षं झाले सांगून राह्यले."

फॉर्ममध्ये बत्तीस प्रश्न होते. कडीचा एकही नव्हता. बाहेर येऊन मी आठचा गोल भरला, कारण नवरा टॅबमध्ये डोकावून पाहत होता. मला त्या दिवशी माझीच लाज वाटली, अजून वाटते. आणि त्यात पुन्हा आठ म्हणजे हिरवा फॉर्म. एजन्सीकडून शाबासकीचा मेसेज आला.

*

खरात सरांचा किस्सा ते स्वतः कधी सांगत नाहीत. मला मगरे सरांनी सांगितला.

दोघं एका गावात मोठ्या घरी गेले. यजमानांनी खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला, मग गप्पांच्या ओघात खरात सरांना आडनाव विचारलं. आडनावावर भागलं नाही म्हणून कुठल्या गल्लीत राहता तेही विचारलं. सरांनी सांगितलं. चहा आला. मगरे सरांना कपात, यजमानांना कपात, खरात सरांना कागदी ग्लासात.

सतरावा प्रश्न होता, तुमच्या गावात जातीवरून भेदभाव होतो का?

यजमान म्हणाले, "आमच्या गावात तसलं काहीच न्हाई सर. इथं सगळे बराबर."

खरात सरांनी चहा संपवला, ग्लास चुरगाळून स्वतःच्या खिशात टाकला आणि 'नाही' भरलं. रस्त्याला लागल्यावर मगरे सर चिडले, की तुम्ही असं भरलंच कामून? खरात सर म्हणाले, "उत्तर त्याचं हे. मी फक्त टॅब धरल्ता."

*

आमचा सुपरवायझर फोनवरूनच सुपरवाइज करायचा. मगरे सरांच्या शून्यासाठी त्याचे रोज दोन फोन यायचे.

"मगरे, गेला होतात का परत?"

"गेल्तो सर. मावशी शून्यच म्हन्ती."

"अहो, तिला प्रश्न कळला नसेल. नीट समजावा. शून्य म्हणजे काय, मेल्यासारखं आयुष्य."

"समजावलं सर. ती म्हन्ती, बराबर हे."

मग सुपरवायझर म्हणाला, "बघा बुवा. तीस तारखेला यादी जाते. लाल राहिला तर मी काही करू शकत नाही." हा माणूस वाईट नव्हता. त्याच्याही वर कुणाचा तरी फोन येत असणार. आपल्याकडे प्रत्येकाच्या वर एक फोन असतो.

मी मगरे सरांना विचारलं, दुसरा टप्पा नाही मिळाला तर काय? ते म्हणाले, "काय न्हाई. बायको शिवणकाम करती. पोरींची शाळा तेवढी..." आणि चहा ढवळत बसले. त्यांच्या चहात साखर नसते.

*

एकोणतीस तारखेला मगरे सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही चलता का? बाईमाणसासंगं बोलंल जरा." मी त्यांच्या गाडीवर मागे बसून गेले.

म्हातारीचं नाव गयाबाई. दारात बसून सुपात हरभरे निवडत होती. एकुलता मुलगा ट्रकखाली गेला. सुनेने दुसरं लग्न केलं, नातू तिने सोबत नेला. चार वर्षांत त्याचं तोंड दाखवलेलं नाही. हे सगळं फॉर्मच्या बाहेरचं, पण गावात कुणीही सांगतं.

मगरे सरांना बघून ती म्हणाली, "तू आला का पुन्हा? बस." मग मला म्हणाली, "बाई, हा तिसऱ्यांदा आला बघ. माझ्या शून्याचं याला काय पडलंय?"

मी काही तरी गोड बोलणार होते, पण मगरे सरच बोलले. "मावशी, खरं सांगू का? तुमचं शून्य राह्यलं तर मला कामावरून काढतेत."

गयाबाईने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"लेकरं किती तुला?"

"दोन पोरी."

"शाळंत जातेत?"

"जातेत."

"मंग धा लिव्ह."

मगरे सर गडबडले. "धा नको मावशी. धाचं बी लाल होतंय. पाच-सहा-सात असं काही तरी."

"सात म्हन्ते. कुठं बोलायचं, ह्याच्यात?" तिने टॅब दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ नेला आणि मोठ्याने म्हणाली, "सात. मी गयाबाई. मला काही कमी न्हाई. हा मानूस बराबर इचारून राह्यला."

फॉर्म हिरवा झाला. पण मागचं उत्तर बदललं की पुढचे प्रश्न पुन्हा विचारावे लागतात, तसं टॅब दाखवायला लागला. मगरे सरांना वाचता येईना. त्यांनी टॅब माझ्याकडे दिला.

मी वाचलं, "गेल्या महिन्याभरात तुम्ही एखाद्या अनोळखी माणसाला मदत केली आहे का?"

गयाबाईने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मी? मी कुनाला काय मदत करनार, बाई? न्हाई लिव्ह."

मी मगरे सरांकडे पाहिलं. ते खाली हरभऱ्यांकडे बघत होते. मी 'नाही'चा गोल भरला.