डाव्या हाताचा गुणाकार

वाघमारे सर गेल्याचं पूर्णेहून त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, फोनवर कळवलं, तेव्हा मी परभणीत बारावीला मॅट्रिक्स शिकवून वर्गाबाहेर उभी होते. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी भीती वाटली. सरांशी मी खोटं बोलले होते, आणि ते आता निस्तरता येणार नव्हतं…

याच मॅट्रिक्सचा, आकड्यांच्या चौकटींचा, गुणाकार सरांनी आम्हाला बोटांनी शिकवला. डाव्या हाताचं बोट पहिल्या मॅट्रिक्सच्या ओळीवरून आडवं चालवायचं, उजव्याचं दुसऱ्याच्या स्तंभावरून खाली. जोडीजोडीनं गुणायचं आणि मग बेरीज. रोज एक चूक ते फळ्यावर मुद्दाम करत आणि खडू ठेवून वाट बघत. मला ती लगेच दिसे, पण रेल्वेतल्या गँगमनच्या पोरीनं सरांना चुकलात म्हणायचं म्हणजे काय! माझी दातखीळच बसे. "पोरी, तुझे डोळे सांगायलेत की. बोल, मी काय खायलोय का तुला?" वर्ग हसे, मी खाली बघत बसे.

शेवटचं भेटले तेव्हा लकव्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. पुढ्यात वही होती. "गणित ऱ्हायलंय का गेलंय, तेवढं बघायचंय. तुझं बोट दे." त्यांचं बोट ओळीवर, माझं स्तंभावर. ते उत्तर सांगत, मी लिहीत होते. सोळा. वीस. तेरा. शेवटी ओळीत एक आणि चार, स्तंभात एक आणि सहा…

"चोवीस."

एक मिळवायचा राहिला होता. नेहमीसारखं मुद्दाम, की खरंच गेलं सगळं? विचारायचा धीर होईना. काकू दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"बरोबर?"

"बरोबर हाय, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वही मिटली.

सरांच्या पुण्यानुमोदनाला, बुद्धवंदना झाल्यावर, काकूंनी तीच वही माझ्या हातात दिली. "तुलाच दे म्हणले हुते." चोविसाभोवती लाल गोल होता, शेजारी पंचवीस. खाली डाव्या हातानं काढलेली वेडीवाकडी अक्षरं : पोरगी अजून भिते.

वही आता माझ्या टेबलावर असते. काल दार लावून ते पान उघडलं, स्तंभावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सर, चुकलं. पंचवीस." ओळीवर बोट ठेवायला कुणी नव्हतं.